बरणीतलं सगळं कडू

आमच्या घराला एकच दार आहे आणि ते दुकानात उघडतं. मागची भिंत शेजाऱ्याच्या गोदामाला लागलेली, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांची घरं. लग्न होऊन मी शेलूबाजारात आले तेव्हा या गोष्टीचं मला काही वाटलं नव्हतं. हमरस्त्यावरचं किराण्याचं घर मिळालं म्हणून माहेरचे खूश होते, मीही होते. पण बाहेर पाऊल टाकायचं म्हणजे स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत, मधल्या खोलीचा पडदा सारून दुकानात, सासऱ्यांच्या गल्ल्यामागून वळसा घालून, आणि मग ओळीनं मांडलेल्या सहा बरण्यांपुढून रस्त्यावर. लिमलेटच्या गोळ्या, संत्र्याच्या फोडीसारख्या गोळ्या, चिंचेच्या, खोबऱ्याच्या, लाल कागदातली चॉकलेटं आणि सहावीत जेली. मुलगा होईपर्यंत मला त्या नुसत्या बरण्याच दिसायच्या.

त्याला दात यायला लागले तेव्हा मी ठरवलं, दोन वर्षं पुरी होईपर्यंत याला गोड द्यायचं नाही. लस द्यायला नेलं होतं तिथल्या नर्सनंही तेच सांगितलं होतं, पण खरं कारण माझ्या तोंडात होतं. माझी आई निंदायला जायची तेव्हा मला शेताच्या धुऱ्यावरच्या झोळीत टाकून फडक्यात गुळाचा खडा बांधून चोखायला द्यायची. त्यात तिची काही चूक नव्हती, दोन हात आणि एक दिवस यात तिला तेवढंच जमत होतं. पण ती सवय मला आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत सुटली नाही, आणि समोरचे वरचे चार पक्के दात आले तेही लगेच किडले. शाळेच्या प्रत्येक फोटोत माझं तोंड बंद आहे. मला पाहायला आले तेव्हा कुणीतरी "हास ना वो पोरी" म्हणालं आणि मी तोंडावर हात धरून हसले. त्यांना वाटलं मुलगी लाजाळू आहे, आणि मी पसंत पडले. मी लाजाळू अजिबात नाही, संतापी आहे. ते त्यांना नंतर कळलं.

तर मी सगळे जेवायला बसले असताना सांगून टाकलं. चॉकलेट नाही, गोळी नाही, गूळ नाही, दुधात साखर नाही. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. ते "बरं" म्हणाले. सासूबाईंना आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे आत्याबाई. त्या भाकरीचा तुकडा वरणात बुडवत म्हणाल्या, "आमी का पोरं वाढवली नाई का?" माझ्या नवऱ्याची एक खुबी आहे, जेवताना त्याला काही ऐकू येत नाही. त्यानं मीठ मागितलं. नणंद तेवढी माझ्याकडे बघून गालात हसली.

मी हे इतकं धरून का बसले, ते सांगितलंच पाहिजे. त्या घरात भाजी कोणती करायची ते आत्याबाई ठरवायच्या, बाजार किती आणायचा ते मामाजी, आणि माहेरी कधी जायचं ते नवरा आईला विचारून ठरवायचा. माझं ऐकणारं घरात एकच माणूस होतं, आणि ते पायावर नुकतं उभं राहायला लागलं होतं. मी "बस" म्हटलं की तो बसायचा. तव्याजवळ आला आणि मी "चटका" म्हटलं की दोन पावलं मागे व्हायचा. मी सांगितलं म्हणजे खरंच असणार, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. एवढी किंमत मला त्याआधी कुणी दिली नव्हती. ती मला कुठल्याही भावात घालवायची नव्हती.

पण मामाजींना नातू दुकानात हवा असायचा. सकाळी दहाच्या सुमारास ते त्याला उचलून न्यायचे, घडी केलेलं पोतं गल्ल्याशेजारी टाकून त्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "बसा मालक." लेकरू बसलं की दुकान भरते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खोटंही नव्हतं. जीप थांबायची, माणसं तंबाखू-बिडीला उतरायची, आणि मालकांना बघून थांबायची. मग आमच्याकडे जे होतं ते मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलं नाही. गिऱ्हाईक आमच्याच बरणीतलं चॉकलेट विकत घ्यायचं, पैसे आम्हाला द्यायचं, आणि चॉकलेट आमच्याच लेकराच्या हातात ठेवायचं. मामाजी ते पैसे घ्यायचे. नाही घेतले तर माणसाला वाईट वाटतं म्हणे.

गल्ल्यावर तो बोलणारा डबा आहे, कुणी फोनवरून पैसे दिले की मोठ्यानं आकडा सांगणारा. मी आत भाकरी थापत असायची आणि पडद्यापलीकडून आवाज यायचा, एक रुपया प्राप्त झाला. दोन रुपये प्राप्त झाले. शंभर-दोनशेचा आकडा आला की मी निवांत असायची, तेल-साखर गेली असणार. एक-दोन रुपयांचा आला की पिठाचे हात घेऊन धावायची. तोवर त्याच्या हनुवटीवरून लाल ओघळ गळ्यापर्यंत आलेला असायचा.

"मामाजी, मी सांगतलं होतं ना," मी एकदा पडद्यातूनच म्हणाले.

"सूनबाई, गिऱ्हाईक आपल्या हातानं देऊन राह्यलं. मी का त्याचा हात धरू?"

"मंग त्याले तिथी बसवूच नका ना."

"दुकान कोनाचं हाये हे?" ते म्हणाले. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं, शांतपणे. दुकानात चार माणसं उभी होती, त्यामुळे मी पडदा सोडला आणि आत येऊन परातीत पीठ इतकं मळलं की त्या दिवशीच्या भाकऱ्या दगडासारख्या झाल्या.

मग मी त्याला आत ठेवायला लागले. तो पडद्याशी जाऊन बसायचा. पडदा जमिनीपासून वीतभर वर आहे, त्यातून त्याला बरण्यांची बुडं दिसायची. तो पालथा पडून खालून बघत राहायचा आणि रडायचा. नणंद त्याला कडेवर घेऊन मधल्या खोलीत फेऱ्या मारायची. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. वाशीमला जाऊन बीएस्सी केलेली, त्यानंतर तीन वर्षं घरात. स्थळं यायची, चहा-पोहे व्हायचे, कुठे हुंडा, कुठे उंची, कुठे पत्रिका. तिलाही बाहेर जायचं तर त्याच बरण्यांपुढून जावं लागायचं, आणि मामाजी विचारायचे, "कुठी?" आम्ही दोघी आणि ते पोर, असे तीन जण दिवसभर पडद्याच्या अलीकडे असायचो.

शेवटी मी एक गोष्ट केली. बाजाराचा दिवस होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. झाडताना सापडलेला लाल कागद मी धुऊन-पुसून ठेवला होता. कडुनिंबाचा पाला वाटला, त्यात चिमूटभर पीठ घालून गोळी वळली आणि त्या कागदात हुबेहूब गुंडाळली. त्याला मांडीवर घेतलं आणि कागद त्याच्यासमोर सोडला. त्यानं दोन्ही हात पुढे केले. गोळी तोंडात गेली, तो चघळायला लागला, आणि मग त्याचं तोंड असं वेडंवाकडं झालं की एरवी मी हसले असते. तो रडला नाही. त्यानं ती माझ्या तळहातावर थुंकली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कडू," मी म्हणाले. "बरनीतलं सगळं कडू असते. आई सांगते ना तुले."

त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. "कऊ," तो म्हणाला.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मला इतका आनंद झाला की मी त्याला उचलून मधल्या खोलीत दोन गिरक्या मारल्या, आणि नणंदेनं विचारलं, काय झालं वहिनी, तर मी काही सांगितलं नाही.

ते लागू पडलं. तो पुन्हा गल्ल्याशेजारी बसायला लागला. कुणी चॉकलेट पुढे केलं की डोकं मागे घेऊन म्हणायचा, "कऊ." हातात कोंबलं तर टाकून द्यायचा. मामाजींना आधी गंमत वाटली. माणसं मुद्दाम देऊन बघायची आणि हसायची. पुढचे चार महिने मला डब्यातला एक रुपया ऐकू येऊनही धावावं लागलं नाही. मी त्याला कडेवर घेऊन त्या सहा बरण्यांपुढून सावकाश चालत रस्त्यावर जायची, उगाच, कोथिंबिरीची एक जुडी आणायला. त्या घरात आल्यापासून इतकं मोकळं मला कधीच वाटलं नव्हतं.

मग होळी आली. आमच्याकडे होळीला लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्या घालतात. माझा भाऊ पांढऱ्या-गुलाबी गाठ्यांची माळ आणि नवे कपडे घेऊन आला. आत्याबाईंनी माळ नातवाच्या गळ्यात घातली, ओवाळलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला दुकानासमोर ओट्यावर उभं केलं. गल्लीतली सगळी पोरं आपापली गाठी चोखत फिरत होती, सगळ्यांच्या छात्या चिकट झालेल्या. माझ्या मुलानं माळ हातात धरली, पण जिभेकडे नेलीच नाही. ती डोक्यावरून काढली, समोर बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या काकूंच्या ओटीत टाकली आणि म्हणाला, "कऊ."

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "याले साखर तं नाई ना वो?"

मामाजींना साखरेची बिमारी आहे. दहा वर्षं झाली. औषधाची गोळी ते गल्ल्यावरच घेतात, बिनसाखरेचा चहा सगळ्यांसमोर पितात, कुणापासून काही लपलेलं नाही. मी काकूंना हसून म्हणाले, "नाई हो काकू, मीच देत नाई त्याले."

हे सांगणं हीच माझी चूक झाली. दुकानात सहा बरण्या भरलेल्या आणि आई लेकराला एक गोळी देत नाही, याला बिमारीशिवाय दुसरं काय कारण असू शकतं, हे त्यांना कळेना. मलाही सांगता येईना. दातांचं म्हणावं, तर दुधाचे दात पडायचेच आहेत, असं सगळ्याच म्हणतात. मी जितकं नाही-नाही म्हणाले तितकं त्यांचं ठाम झालं. लपवून राह्यली बिचारी, असं त्यांच्या डोळ्यांत दिसायला लागलं. आठवड्याभरात बाजारात सगळ्यांना माहीत होतं की आज्याची साखर नातवाला उतरली.

बायका यायला लागल्या. एकीनं जांभळाच्या बियांची पूड पुडीत बांधून आणली. एकीनं कारल्याचा रस कसा काढायचा ते सांगितलं. एकीनं मानोऱ्याकडच्या कुठल्याशा वैद्याचा पत्ता फोनवर पाठवला. रोज जीप थांबवून चॉकलेट देणारा एक ड्रायव्हर होता, त्यानं मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मामाजींना म्हणाला, "देवाची मर्जी." त्या दिवसापासून मामाजींनी त्याला दुकानात बसवणं बंद केलं. पोतं घडी करून कोपऱ्यात टाकलं. रस्त्यावर नेलं तर दर दहा पावलांवर कुणीतरी थांबवून चौकशी करायचं, म्हणून मीही नेईनाशी झाले. चैत्राचं ऊन तापत होतं, मधल्या खोलीतला कूलर गरम हवा फेकत होता. मला हवं होतं ते सगळं झालं होतं. मुलगा बरण्यांपासून लांब होता, कुणी त्याला काही देत नव्हतं, आणि मला त्या खोलीत श्वास घेता येत नव्हता.

त्यातच नणंदेला रिसोडकडचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, फोटोवरून पसंती झालेली, पत्रिका जुळलेली. पाहुणे रविवारी येणार होते आणि गुरुवारी मध्यस्थाचा फोन आला. मामाजींनी स्पीकरवर टाकला. तो माणूस आधी पाण्यापावसाचं बोलला, मग म्हणाला, "एक इचारायचं होतं. तुमच्या घरात तान्ह्या लेकराले साखर हाये म्हनतात. मंग पोरीले तं नाई ना?"

मामाजींनी फोन ठेवला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवरासुद्धा.

"वाशीमले नेऊ," मी म्हणाले. "रक्त तपासू. रिपोर्ट दाखवू त्याईले."

"अन् लॅबच्या पायरीवर कोनी पाह्यलं मंग?" मामाजी म्हणाले. "तपासाले नेलं म्हनजे हायेच म्हनतीन. रिपोर्ट का गळ्यात बांधून फिरू मी?"

ते बरोबर होतं. मी विचार करून पाहिला, त्यातून वाट निघत नव्हती.

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "पाव्हन्यासमोर पोराले पेढा खाऊ घाल. बस, एक. त्याईच्या डोयानं पाहू दे त्याईले."

"चारच तं महिने राह्यले," नवरा म्हणाला. तो त्या वेळी जेवत नव्हता, म्हणून त्याला सगळं ऐकू आलं होतं. "आज खाल्ला काय अन् तवा खाल्ला काय."

त्याला वाटत होतं प्रश्न चार महिन्यांचा आहे. निंबाच्या गोळीचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. काय सांगणार होते? की याला गोड कडू लागत नाही, मी सांगितलं म्हणून कडू वाटतं?

संध्याकाळी नणंद मोरीत कपबश्या घासत होती. त्याच त्या सहा कपबश्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या, ज्या आधीच स्वच्छ होत्या. मी तिला विचारलं, "तुले काय वाट्टे?"

"मी काई म्हनलं तं तुमी म्हनसान, सोतासाठी म्हनते," ती म्हणाली. "म्हनून मी काईच म्हनत नाई वहिनी." थोड्या वेळानं पाण्याचा नळ बंद करून ती म्हणाली, "पोरगा कसा हाये मले मालूम नाई. मले फक्त या दुकानातून एकदा बाहेर निघायचं हाये."

हे तिनं म्हटलं नसतं तर मी भांडले असते. आत्याबाईंशी, मामाजींशी, अगदी रविवारी पाहुण्यांशीही. मला भांडायला जमतं. पण तिच्याशी कसं भांडू?

रविवारी आठ माणसं जीपमधून उतरली. मधल्या खोलीत सतरंजी, भिंतीशी खुर्च्या. पोहे झाले, चहा झाला. विचारपूस बँकेतल्या मुलाची आत्या करत होती, चष्मा लावलेली, हळू बोलणारी बाई, अजिबात वाईट नाही. नणंद खाली मान घालून बसली होती. चहाचे कप उचलता उचलता आत्याबाईंनी सहज आठवल्यासारखं म्हटलं, "आण वो नातवाले. पाव्हन्याईच्या पाया पडू दे."

मी त्याला नवा सदरा घालून आणलं. आत्याबाईंनी पेढ्यांचं ताट पुढे सरकवलं, एक पेढा उचलला आणि त्याच्या तोंडापाशी नेला. त्यानं ओठ घट्ट मिटले. मान मागे घेतली. "कऊ," तो म्हणाला, अगदी स्पष्ट.

चष्मेवाल्या आत्यानं कप खाली ठेवला. आत्याबाईंचा हात पेढ्यासह तसाच हवेत राहिला. मला नणंदेचे हात दिसत होते, मांडीवर एकात एक अडकवलेले, आणि दाबून नखं पांढरी पडलेली.

मी आत्याबाईंच्या हातातून पेढा घेतला आणि मुलापुढे बसले. "गोड हाये," मी म्हणाले. "खा."

त्यानं मान हलवली. त्याला वाटलं असावं मी विसरले. तो माझ्या कानापाशी येऊन म्हणाला, "आई, कऊ." मला आठवण करून देत होता.

मी अर्धा पेढा तोडून माझ्या तोंडात टाकला. तोंडावर हात धरला नाही, पदर घेतला नाही. त्या आठ माणसांसमोर तोंड उघडं ठेवून मी चावत राहिले, त्याला दिसावं म्हणून. "पाह्य. आई खाऊन राह्यली. गोड हाये."

त्यानं माझ्या तोंडात खूप वेळ बघितलं. मग आपलं तोंड उघडलं आणि मी उरलेला अर्धा पेढा त्यात ठेवला.

दोनदा चावून तो थांबला. डोळे मोठे झाले. मग तो पुन्हा चावायला लागला, गिळलं, आणि ताटाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. काहीतरी जुळवून पाहत असल्यासारखं. मग तो वळला, पाहुण्यांसाठी बाजूला सारलेल्या पडद्यातून दुकानात गेला, आणि आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, त्यानं पहिल्या बरणीवर हात ठेवला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. सहाही बरण्यांवर एकेकदा हात ठेवून तो तिथेच उभा राहिला.

"दुकानदाराचा नातू हाये बापा," चष्मेवाली आत्या म्हणाली आणि सगळे हसले. सुपारी त्याच दिवशी फुटली. स्वयंपाकघरात नणंदेनं माझा हात हातात घेऊन इतका वेळ धरला की आत्याबाईंनी आवाज दिला तरी ती हलली नाही. मी तिच्यासाठी खूश होते, खरंच होते. तिनं हात सोडल्यावर मी मोरीत जाऊन पेढ्याची चव जाईपर्यंत चुळा भरल्या.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी पोतं झटकून पुन्हा गल्ल्याशेजारी टाकलं. बांगड्यावाल्या काकू स्वतः येऊन एक लाल चॉकलेट देऊन गेल्या आणि तो खातोय का ते बघत उभ्या राहिल्या. जीपवाला ड्रायव्हरही आला. डबा पुन्हा एक रुपया, दोन रुपये म्हणायला लागला आणि मी भाकरी थापत राहिले. कशासाठी धावायचं? दोन वर्षं पुरी व्हायला चार महिने होते, आणि आता ते मोजायला कुणीच नव्हतं.

पण प्रश्न नुसत्या दातांचा राहिला नव्हता. तो माझ्याशी वेगळा वागायला लागला. मी वरणभाताचा घास पुढे केला की आधी विचारायचा, "कऊ?" मी "नाई" म्हटलं की घास हातात घेऊन हुंगायचा, जिभेचं टोक लावायचा, मग खायचा. "बस" म्हटलं की उभा राहायचा आणि काय होतं ते बघायचा. आत्याबाई म्हणाल्या, पोर हुशार होऊन राह्यलं. नवरा म्हणाला, या वयात असंच असते. मी त्यांना काही सांगितलं नाही. मी स्वतःलाही तेच सांगत होते, या वयात असंच असतं.

पाहुणे येऊन गेल्यावर दहा-बारा दिवसांनी, सकाळी, मी शेवटची भाकरी काढून तवा गॅसवरून उतरवला आणि फरशीवर भिंतीशी टेकवून ठेवला. तो दुकानातून आत आला. तव्याकडे गेला.

"चटका," मी म्हणाले. "हात नको लावू, चटका बसते."

तो थांबला. वळून माझ्याकडे पाहिलं. सरळ तोंडाकडे, पेढा खाल्ला त्या दिवशी पाहिलं होतं तसंच. मी ओळखलं, आणि उठलेही, पण मी परातीपलीकडे होते. त्यानं पूर्ण तळहात तव्यावर ठेवला.

त्याची किंकाळी रस्त्यावर ऐकू गेली असणार. मी त्याला उचलून मोरीत नळाखाली धरलं, हात पाण्यात, तो अंग ताणून मागे फेकत होता. आत्याबाई आल्या, नणंद आली, पडदा तसाच वर धरून गिऱ्हाइकं डोकावत होती. मामाजी सगळ्यांच्या पुढे होते आणि त्यांच्या हातात लाल चॉकलेट होतं. त्यांनी ते पुढे केलं, पण दिलं नाही. माझ्याकडे बघत थांबले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते मला विचारत होते.

"द्या," मी म्हणाले.

एका हातानं त्याचा हात नळाखाली धरून कागद मी दातांनी सोडला आणि चॉकलेट त्याच्या तोंडात ठेवलं. रडणं अडखळलं, मग हुंदके राहिले, मग तो चोखायला लागला. पाणी त्याच्या तळहातावरून वाहत होतं, तळवा मधोमध लाल झालेला, बोटांच्या मुळाशी पांढरे फोड येत होते.

"आता थंड वाटन," मी त्याला म्हणाले. "कमी होईन आता."

खरं आहे का ते विचारावं तसं त्यानं मामाजींकडे पाहिलं.